हंपीजवळच्या आलिशान रिसॉर्टवाल्यांना खुलं पत्र : आधी तुमचं घड्याळ बदला

प्रति,
हंपी, कमलापूर, आनेगुंदी भागात महागडी रिसॉर्ट चालवणारे सगळे मालक, मॅनेजर आणि पाहुण्यांचा कार्यक्रम ठरवणारी मंडळी,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला टाकू नका. शनिवारी सकाळी तुमच्याच पार्किंगमधे एक चक्कर मारा, एमएच १२, एमएच ०९, एमएच १३ अशा नंबरप्लेटा मोजून दमाल, आणि तुमच्या बुकिंगच्या फोनवरची मुलगी माझ्याशी छान मराठीत बोलली होती तेव्हा वाचून दाखवणारं कुणीतरी तिथे आहेच. आम्ही सोलापूरचे. म्हणजे कन्नड घरात नसलं तरी कानात आहे, शेजारी, बाजारात, लग्नात सगळीकडे, आणि हंपी आम्हाला काही परदेश नाही, पहाटे निघालं की विजापूर, इलकल, कुष्टगी करत दुपारपर्यंत होस्पेट येतं (इलकलला साडीसाठी गाडी थांबतेच, तिथे किती वेळ गेला ते इथे लिहीत नाही). ह्यावेळी सासूबाई बरोबर होत्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून म्हटलं जरा चांगल्या ठिकाणी राहू, लिफ्ट असेल, रॅम्प असेल, बाथरूममधे पकडायला दांडा असेल. ते सगळं होतं. खोली सुंदर, गादी सुंदर, एसीचा आवाज नाही, हाउसकीपिंगच्या पोराने सासूबाईंना न सांगता उंच स्टूल आणून दिलं. ह्या गोष्टींसाठी मनापासून थँक्यू. रिसॉर्टचं नाव मी लिहिणार नाहीये, कारण मग बाकीचे म्हणतील आमच्याकडे असं नसतं, आणि माझ्या जावेला, नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघांना वेगवेगळ्या रिसॉर्टमधे थोड्याफार फरकाने हेच अनुभव आलेत.

तर मुद्द्याचं. तुमचं घड्याळ चुकीचं आहे. हंपी उन्हावर चालतं आणि तुम्ही बुफेवर चालता, आणि हे दोन्ही कधीच जुळत नाही, आणि त्यात पाहुण्यांचं हंपी राहून जातं.

नीट सांगते. हंपी, विजयनगर साम्राज्याची जुनी राजधानी, म्हणजे नुसता दगड. अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाईट, त्याच्या टेकड्याच्या टेकड्या, त्याच दगडाची देवळं, त्याच दगडाचे बाजार, सावलीला झाड शोधावं लागतं. हा दगड सकाळी नऊ-साडेनऊनंतर तापायला लागतो आणि अकराला तर चपलेतून कळतो. त्यामुळे ज्याला हंपी बघायचंय त्याने उजाडताना बाहेर पडायचं, दहाच्या आत परत यायचं, दुपारी झोपायचं, चारनंतर पुन्हा बाहेर पडायचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही, तिथला नारळपाणीवाला पण हेच सांगतो, तिथले कुत्रे पण हेच करतात. आणि तुमचं टाइमटेबल काय? ब्रेकफास्ट साडेसात ते साडेदहा. 'हेरिटेज वॉक' दहा ते एक. लंच एक ते तीन. हाय-टी साडेचार ते साडेपाच. 'सनसेट एक्स्पीरियन्स'ची गाडी साडेपाचला. सात वाजता लॉनवर सांस्कृतिक कार्यक्रम. म्हणजे ज्या ज्या वेळेला बाहेर जावं त्या त्या वेळेला तुम्ही आम्हाला खायला बसवलंय, आणि ज्या वेळेला पंख्याखाली आडवं व्हावं त्या वेळेला देवळात नेऊन उभं केलंय.

मी पहिल्याच संध्याकाळी रिसेप्शनला विचारलं, सकाळी पावणेसहाला निघायचंय, मातंग टेकडीवर सूर्योदय बघायचाय, दोन सँडविच आणि फ्लास्कमधे चहा मिळेल का. डिसेंबर होता, सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे ही काही अर्ध्या रात्रीची मागणी नव्हती. समोरचा मुलगा इतका गोंधळला की मलाच वाईट वाटलं. त्याने कुणालातरी फोन लावला, त्या कुणीतरी अजून कुणालातरी, आणि उत्तर आलं की पॅक्ड ब्रेकफास्टसाठी चोवीस तास आधी सांगावं लागतं आणि तो सात नंतर मिळतो. सात नंतर! मग सूर्योदयाला काय सूर्याला पॅक करून मागवायचं का. शेवटी रात्रीच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी त्यांच्या थर्मासमधला चहा दिला आणि गेट उघडलं, आणि मी, नवरा आणि मुलगा असे तिघं गेलो. मातंगवरून खाली अच्युतरायाचं देऊळ धुक्यातून हळूहळू वर येताना दिसतं, त्याच्या समोरचा सरळ रेषेतला बाजार दिसतो, पलीकडे तुंगभद्रा, केळीच्या बागा, आणि डावीकडे विरूपाक्ष मंदिराचं नऊ मजली गोपूर. टेकडीवर आम्ही धरून पंधरा-वीस माणसं असतील, त्यात बॅगपॅकवाली परदेशी पोरं, धारवाडचं एक कॉलेजचं ग्रूप, पण तुमच्या रिसॉर्टमधलं एकही माणूस नाही, आणि आदल्या रात्री डायनिंग हॉल तर गच्च भरलेला होता. खाली उतरून नदीवर गेलो तर विरूपाक्षाची हत्तीण लक्ष्मी आंघोळीला आली होती, माहूत तिला ब्रशने घासतोय, मुलगा तासभर हलायला तयार नाही. हे सगळं फुकट आहे, रोज असतं, आणि तुमच्या छापील 'अ‍ॅक्टिव्हिटी मेनू'त ह्यातलं काहीच नाही. त्यात काय आहे तर पॉटरी, आर्चरी आणि 'लर्न टू टाय अ रॉयल टर्बन'.

आता हेरिटेज वॉकचं ऐका. माणशी साडेतीन हजार, मुलाचे पण. पुरातत्त्व खात्याचं विठ्ठल मंदिराचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, त्याच तिकिटावर त्याच दिवशी कमळ महाल आणि गजशाळेचं आवार बघता येतं, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे उरलेले पैसे गाडीचे, गाइडचे आणि थंड टॉवेलचे. असो, पैसे द्यायला माझी ना नाही, चांगल्या गाइडला मी ह्याहून जास्त देईन. पण दहाला निघायचं म्हणून सव्वादहाला निघालो, कुणीतरी ऑम्लेट खात होतं त्याच्यासाठी थांबलो, आधी विरूपाक्षाला नेलं, तिथे चपला काढून अंगणात अनवाणी, सासूबाई एका सावलीच्या पट्टीतून दुसऱ्या पट्टीत चालतायत. मग गाडीने सगळा वळसा घालून विठ्ठल मंदिराच्या पार्किंगला, तिथे बॅटरीच्या गाडीसाठी रांग (त्या गाड्या आसपासच्या गावातल्या मुली चालवतात, काय झोकात चालवतात, हे मात्र बघून छान वाटलं), आणि प्रत्यक्ष देवळात पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले. त्या वेळेला दगडी रथाच्या फरशीवरून ऊन असं उलटं येतं की डोळे उघडत नाहीत. बघणार काय?

आणि त्या रथापाशी बघण्यासारखं किती आहे. गाइडने सांगितलं 'पन्नासच्या नोटेवर आहे, फोटो काढा', झालं. तो रथ मुळात गरुडाचं देऊळ आहे, विठ्ठलाच्या समोर त्याचं वाहन. वर पूर्वी विटांचं शिखर होतं, १८५६ सालच्या फोटोत ते दिसतं, नंतर काढलं गेलं. आणि पुढे जे दोन हत्ती जोडलेत ते मूळचे नाहीतच, तिथे घोडे होते, हत्तींच्या मागे वाकून बघितलं तर घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून शिल्लक आहेत. हे मला कुणी दाखवलं तर तिथे सावलीत बसलेल्या एका दुसऱ्या ग्रूपच्या म्हाताऱ्या गाइडने, स्थानिक, लायसन्सवाला, त्याने मुलाला हाताला धरून नेलं आणि म्हणाला 'बाल नोडप्पा, बाल', शेपूट बघ रे शेपूट. एक पैसा घेतला नाही. असली माणसं तुमच्या गेटपासून पंधरा मिनिटांवर आहेत आणि तुम्ही त्यांच्याऐवजी टोपी घातलेला एक पोरगा पाठवता ज्याला इंग्लिश उत्तम येतं आणि जो सांगतो की 'हे सगळं मुघलांनी तोडलं'. अहो, मुघल कुठून आले. १५६५ मधे अकबर उत्तरेत होता. विजयनगरचा पराभव केला तो विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदरच्या सुलतानांनी मिळून, जानेवारी महिन्यात, तालिकोटच्या लढाईत. आम्ही ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने, कृष्णा ओलांडून, म्हणजे आमच्याकडूनच गेले होते म्हणा ना ते! आदल्या दिवशी विजापूरला मुलाला मलिक-ए-मैदान तोफ दाखवली होती, ती ओतली अहमदनगरला, निजामशहाच्या राज्यात, त्याला बरोबर आठवलं आणि तो मधेच बोलला 'पण निजामशहा होता ना?', तर गाइड हसून म्हणाला 'सेम थिंग'. सेम थिंग नाहीये हो.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. सासूबाई पंढरपूरच्या. माहेर तिथलं, प्रदक्षिणा मार्गावर. त्यांनी लहानपणापासून ऐकलंय की कृष्णदेवरायाने पांडुरंग विजयनगरला नेला होता आणि भानुदासांनी, एकनाथांच्या पणजोबांनी, तो परत पंढरपुरात आणला. इतिहास किती, कथा किती ह्यावर अभ्यासकांनी वाद घालावा, पण माझ्या सासूबाईंसाठी हंपीला येणं म्हणजे तेवढ्या एका गाभाऱ्यासमोर उभं राहणं होतं, जिथे आता मूर्ती नाही. त्या त्या उन्हात हळूहळू चालत आत गेल्या, गाभारा रिकामा, हात जोडले, आणि गाइडला विचारलं, 'इथेच होता का विठ्ठल?' तो म्हणाला, 'मॅडम, नो आयडॉल हियर, फोटो पॉइंट दॅट साइड, वुई हॅव टेन मिनट्स.' लंच एकला सुरू होतो ना. दहा मिनिटं. मी त्याच्यावर चिडले नाही, त्याला दीडच्या आत सगळ्यांना जेवणावर नेऊन पोचवायचं असतं, नाहीतर त्याला बोलणी बसतात, हे त्यानेच नंतर गाडीत सांगितलं. म्हणजे परत तेच, घड्याळ.

महाराष्ट्रातून येणाऱ्या किती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात हीच गोष्ट असते ह्याचा तुम्ही कधी विचार केलाय का? त्यांना सात वाजता हंपी बाजारातून निघून नदीकाठच्या पायवाटेने नेलं, जेमतेम दोन किलोमीटर, कोदंडरामाच्या देवळावरून, राजाच्या तुळेच्या दगडी कमानीखालून, तर ती चालत चालत विठ्ठलापाशी पोचतील, वाटेत मोडक्या मंडपात टेकायला जागा आहे, कुणीतरी एखादा अभंग म्हणेलच. देवळाजवळ नदीच्या काठी पुरंदर मंडप आहे, कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या नावाचा, ज्यांचं प्रत्येक पद 'पुरंदर विठ्ठल' म्हणून संपतं. सासूबाईंना तर त्यांच्या गुडघ्यांमुळे ती वाट जमली नसती, मान्य, पण सकाळी लवकर गाडीने तरी नेता आलं असतं. सकाळी तिथे गर्दी नसते. ऊन तिरकं असतं आणि खांबावरचे घोडे, याळी (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), नाचणाऱ्या बायका सगळ्या उठून दिसतात, दुपारी तेच खांब सपाट दिसतात.

संध्याकाळचं थोडक्यात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तुमची सनसेटची गाडी साडेपाचला म्हणजे पाच चाळीसला सुटली, हेमकूट टेकडीच्या पायथ्याशी पाच पंचावन्न, सासूबाईंना घेऊन खडकावरून वर जाईपर्यंत लोक टाळ्या वाजवून खाली उतरायला लागले होते. हाय-टीला मात्र आम्ही एकदम वेळेवर होतो, तीन प्रकारचे केक होते.

रात्री लॉनवर 'विजयनगर दरबार'. एक माणूस राजा झालेला, फायबरचे खांब, त्यावर टकटक केलं की आतल्या स्पीकरमधून सा रे ग म. विठ्ठल मंदिरात वाजवले की सूर देणारे दगडी खांब आहेत, त्यांच्यावर कुणी बोट वाजवू नये म्हणून तिथे वॉचमन ओरडून दमलेत, लोकांनी ठोकून ठोकून नुकसान केलंय, आणि तुम्ही संध्याकाळी लहान मुलांना लाकडी हातोडी देऊन खांब ठोकायला शिकवताय! दुसऱ्या दिवशी त्यातलं एक पोरगं तिकडे खऱ्या खांबाला ठोकणार नाही असं वाटतं का तुम्हाला? २०१९ मधे गजशाळेजवळच्या एका देवळाचा खांब काही तरुणांनी मजा म्हणून ढकलून पाडला, व्हिडिओ सगळीकडे फिरला, कोर्टाने दंड केला आणि तो खांब त्यांनाच परत उभा करायला लावला. ते आठवून मी तुमच्या इव्हेंटवाल्याला बोलले तर म्हणाला, मॅडम गेस्टना हे खूप आवडतं. आवडेल ना, आवडायला काय झालं.

आणि ती 'रॉयल विजयनगर थाली'. त्यात पनीर टिक्का मसाला, दाल मखनी, टोमॅटोचा सार आणि बटाट्याची भाजी. कृष्णदेवराय राज्य करत होता १५०९ ते १५२९, टोमॅटो आणि बटाटा दोन्ही अमेरिकेतून आलेले, ते पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात रुळायला पुढे बराच काळ गेला. पोर्तुगीज तेव्हा गोव्याहून विजयनगरला पाठवत होते ते अरबी घोडे, पनीर टिक्का नाही. बरं, इतिहास सोडा, मी जेवायला बसल्यावर इतिहासाचा पेपर तपासत नाही. पण आजूबाजूला जे पिकतं ते तरी द्या. सकाळी बुफेवर किवी, ड्रॅगनफ्रूट, स्टिकर लावलेली सफरचंदं, आणि तुमच्या कंपाउंडच्या पलीकडे मैलच्या मैल केळी, जिला पाणी देणारे कालवे विजयनगरच्या काळात खोदलेले आहेत आणि आजही वाहतायत. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची पाटबंधारे योजना चालू स्थितीत बघायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे, तुमच्या एकाही ब्रोशरमधे ती नाही आणि तिच्यावर पिकलेलं केळं तुमच्या टेबलावर नाही.

तिसऱ्या की कुठल्यातरी रात्री सासूबाईंना ते मखनी वगैरे नको झालं, त्या नुसता दहीभात मागत होत्या. वाढणारा मुलगा कमलापूरचाच, मी त्याला कन्नडमधे विचारलं, तुम्ही काय जेवता रे? तो लाजला, म्हणाला आमच्या मेसमधे जोळद रोट्टी. मी म्हटलं आण की मग. तो इकडे तिकडे बघून आत गेला आणि नॅपकिनमधे झाकून ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, एण्णेगायी म्हणजे आपली तेलावरची भरली वांगी, आणि शेंगाची चटणी घेऊन आला. अहो शेंगाची चटणी म्हणजे सोलापूरची जान आहे, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि ही जवळजवळ तश्शीच. सासूबाई दोन भाकऱ्या जेवल्या, शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या लोकांनी वास घेऊन विचारलं हे मेनूत कुठे आहे, त्या टेबलावरून तिसऱ्या टेबलावर गेलं, आणि मग कॅप्टन येऊन त्या मुलाला हळू आवाजात काहीतरी बोलला आणि तो मुलगा पुन्हा आमच्या टेबलाला आला नाही. हे वाचत असाल तर त्या मुलाला काही करू नका, उलट ज्या आजीबाई तुमच्या स्टाफ मेसमधे भाकऱ्या थापतात त्यांना बाहेर आणा, लोकांसमोर चूल मांडून द्या, ड्रॅगनफ्रूटच्या टेबलापेक्षा तिथे रांग लागली नाही तर मला सांगा.

तुम्ही म्हणाल बाईंना एवढं स्थानिक हवं होतं तर होमस्टेत राहायचं. बरोबर आहे. पण आता ते राहिलेत किती आणि कुठे? विरूपाक्षासमोरच्या जुन्या बाजारातल्या मंडपांमधे आणि आसपास लोकांची घरं, दुकानं, खाणावळी होत्या, २०११ मधे ती पाडून लोकांना हलवलं. नदीपलीकडे विरूपापूर गड्डीवर गेस्टहाउसेस होती, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२० मधे ती पण गेली. अतिक्रमण होतं की नव्हतं, वारसा वाचला की गाव गेलं, ह्यावर तिथल्या माणसाशी बोललात तर तासभर ऐकून घ्यावं लागतं आणि मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पण त्या लोकांनी एक काम अगदी बरोबर केलं होतं, पाहुण्याला पहाटे उठवून चहा देऊन ते टेकडीवर पाठवायचे. पाहुणा देवळाच्या सावलीतच झोपलेला असायचा, डोळे उघडले की घंटा. ती माणसं लांब गेली आणि जागा मिळाली ती तुम्हाला, काही किलोमीटर दूर, उंच भिंतीच्या आत. ठीक आहे, नियमाप्रमाणे लांब राहणं योग्यच. मग ते अंतर भरून काढणं हे काम आता तुमचं झालं ना? ते तुम्ही हाय-टी देऊन भरून काढताय.

म्हणून मागणं एवढंच आहे, आणि ह्यातलं काहीही करायला तुम्हाला वीट रचावी लागणार नाही. किचन पहाटे पाचला उघडा, नुसता चहा-कॉफी, इडली, केळी, पिशवीत भरून देता येईल असं काहीही. गाड्या साडेपाचला गेटवर उभ्या ठेवा. मोठा ब्रेकफास्ट दहाला सुरू करून बाराला संपवा, लोक उन्हातून भुकेले येतील आणि दुप्पट खातील, तुमच्या शेफला पण बरं वाटेल. दुपारी काहीही ठेवू नका, खरंच काही नको, पडदे ओढा आणि झोपू द्या, हवं तर कमलापूरच्या म्युझियमची गाडी ठेवा, तिथे सावली आहे आणि आख्ख्या हंपीचं मॉडेल आहे. हाय-टी बंद करून तोच चहा थर्मासमधे घालून साडेचारला पाहुण्यांबरोबर टेकडीवर पाठवा. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी कडलेकाळू गणपतीचा मंडप आहे, तिथे फार चढ नाही, उंच सडपातळ खांब आणि त्यांच्यामधून समोर विरूपाक्षाचं गोपूर दिसतं, सासूबाईंना शेवटी आम्हीच तिथे नेलं आणि त्या उठायला तयार नव्हत्या.

गाइड स्थानिक ठेवा, सरकारी लायसन्सवाले, त्यांना दिवसाचे नीट पैसे द्या आणि त्यांच्या हातात घड्याळ देऊ नका. राजवाड्याच्या भागात तो पायऱ्यांचा काळ्या दगडाचा तलाव आहे ना, १९८०च्या दशकातल्या उत्खननात निघालेला, त्याच्या एकेका दगडावर तो कुठल्या बाजूला, कुठल्या ओळीत बसवायचा ह्याच्या खुणा कोरलेल्या आहेत, म्हणजे दगड दुसरीकडे घडवून इथे आणून जुळवले. आमच्या वॉकमधे तो तलाव 'स्विमिंग पूल ऑफ क्वीन' म्हणून वरूनच दाखवला, जो तो नाहीच आहे, राणीचं स्नानगृह वेगळं आहे आणि थोड्या अंतरावर आहे. खुणा दाखवणारा माणूस असता तर माझा इंजिनियर नवरा तिथून हलला नसता.

दरबार चालूच ठेवायचा असेल तर ठेवा, पण ती हातोडी काढून घ्या. आणि चेकआउट अकराचा आहे तो निदान सकाळी टेकडीवर जाऊन येणाऱ्यांसाठी एकपर्यंत करा, शेवटच्या दिवशी आम्हाला सूर्योदय की आंघोळ ह्यातलं एकच निवडा असं झालं होतं.

आम्ही पुढच्या वर्षी जानेवारीत परत येतोय, माझी आई आणि तिच्या भिशीच्या मैत्रिणी, सहा खोल्या लागतील. बुकिंगआधी मी रिसेप्शनला फोन करून फक्त एक विचारणार आहे, पहाटे साडेपाचला चहा मिळेल का. जे हो म्हणतील त्यांच्याकडे सहाच्या सहा खोल्या.

कळावे,
सोलापूरची एक पाहुणी

ता. क. बिलात सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला होता आणि काढायला सांगितल्यावर 'कंपनी पॉलिसी' असं उत्तर मिळालं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मधेच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मधे ते उचलून धरलंय. मॅनेजर आल्यावर तो चार्ज बिलातून निघाला, पण वीस मिनिटं गेली. ते पैसे मी त्या भाकरीवाल्या मुलाच्या हातात द्यायला शोधत होते, तर म्हणाले त्याची ड्यूटी बदलली. तो कुठे आहे ते कळवा.